देव्हाऱ्याला रंग लावू नकोस

पुणे,
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

प्रिय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू घाईत एक वाक्य बोलून गेलास आणि मी गप्प बसलो. "सगळ्या लाकडाला एकच डार्क वॉलनट मारून टाकतो, म्हणजे नाशिकच्या घरात मॅच होईल." गावचं घर रिकामं करताना टेम्पो, कुलपं आणि वाटणीचे कागद यांच्या धबडग्यात तू होतास, म्हणून तेव्हा वाद घातला नाही. पण दोन रात्री तेच डोक्यात घोळतंय. पत्र लांबेल, तरी पॉलिशवाल्याच्या हातावर ॲडव्हान्स ठेवण्याआधी शेवटपर्यंत वाच.

देव्हाऱ्याला रंग लावू नकोस. शिसवी पलंगाला तर नकोच नको.

एवढ्या हट्टानं सांगतोय, कारण ही चूक मी करून बसलोय. २००९ साली आम्ही या फ्लॅटमध्ये आलो. नवा बेड आणि टीव्हीचं युनिट गडद लॅमिनेटचं होतं, आणि त्यांच्या शेजारी आईचं सागवानी कपाट उभं राहिलं. मला ते 'वेगळं पडलंय' असं वाटलं. पॉलिशवाल्यानं जुनं पॉलिश उतरवलं, वॉलनटचा स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा गडद रंग, दोनदा ओढला आणि वरून चकचकीत मेलामाईनचा हात मारला. संध्याकाळी घरी आलो तर कपाट ओळखू येईना. सागाची छिद्रं मोठी असतात. रंग त्यांत जाऊन बसला होता. रेषांच्या जागी काळ्या रेघोट्या आणि मधलं सोनेरी अंग मातकट. ज्यासाठी हा खटाटोप केला तो मेळही बसला नाही. लॅमिनेट राखाडीकडे झुकलेलं, कपाट तांबूस. दोन्ही गडद, तरी दोघांचं जमेना. आई काही बोलली नाही. तिनं कपाटाचं दार उघडलं आणि आतल्या बाजूला, जिथं रंग पोचला नव्हता, तिथं हात फिरवला. तो हात मी अजून विसरलेलो नाही.

मग एका पावसाळ्यानंतर मी स्वतःच बसलो. अण्णांच्या वखारीतले जुने सुतार काचेच्या तुकड्यानं पॉलिश खरवडायचे, तसं. एका दाराला तीन रविवार गेले. पुढचं अंग बरंचसं परत आलं, पण कोपऱ्यांतला आणि खोबणींतला काळेपणा गेला नाही. डावी बाजू अजून तशीच गडद आहे. तू येशील तेव्हा बघ.

त्या तीन रविवारांत मला एक गोष्ट कळली. लाकडं वेगळी असली म्हणून खटकत नाहीत, ती 'जवळजवळ सारखी' असली की खटकतात. वहिनींना विचार, त्या लगेच ओळखतील. हिरव्या साडीवर हिरवाच पण एक छटा चुकलेला ब्लाउज घातला की किती डोळ्यांत येतं! आणि काळ्या इरकलीला लाल काठ असतो, त्याला कुणी विजोड म्हणत नाही. लाकडाचंही तसंच. फरक ठेवायचा तर ठसठशीत ठेवावा.

आपल्याकडच्या कारागिरांना हे केव्हाच उमगलं होतं. सतराव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांसाठी छोट्या छोट्या खणांची कपाटं बनत. सागाचं सोनेरी अंग आणि त्यात काळ्याभोर आबनुसाची नि हस्तिदंताची जडावाची नक्षी. उजळ आणि काळं, मधलं काही नाही, आणि ती काळी नक्षी एकाच कोपऱ्यात नव्हे तर सगळ्या अंगभर फिरवलेली. म्हैसूरच्या जडावकामात तर शिसवीवर निरनिराळ्या झाडांची लाकडं त्यांच्या मूळ रंगांतच बसवून अख्खी चित्रं उभी करतात.

आणि लांब कशाला जायचं, तुझंच घर आठव. खांब किंजळीचे, वासे ऐनाचे, माजघराचं दार फणसाचं, पलंग शिसवी, कपाट सागवानी, पाट आंब्याचे, मुसळ खैराचं. सात झाडं एका छपराखाली. लहानपणी मी तुमच्याकडे आठ-आठ दिवस राहायचो, पण हे घर विजोड आहे असं कधी वाटलं नाही. मी यावर पुष्कळ विचार केला. माझ्या मते त्या सगळ्यांना एकत्र बांधत होता तो रंग नव्हे, झळाळी. चुलीचा धूर, दिव्याचं तेल, हातांचा वावर, यांनी सगळ्या लाकडांवर एकच मंद तुकतुकी आली होती. त्यात भर सारवलेल्या जमिनीची, जी कुणाशीच भांडत नाही. आता त्यातली एक वस्तू आरशासारखी चकचकीत केलीस की ती लगेच परकी दिसेल, मग रंग कितीही जुळवलास तरी.

म्हणून पॉलिश सगळ्यांना एकाच जातीचं कर आणि ते मंद कर. जुन्या वस्तूंना साधं चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिशच बरं. एक लिटर स्पिरिटला दोनशे ते अडीचशे ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवून, गाळून, कापसाच्या पुरचुंडीनं पातळ पातळ हात. ते पुन्हा स्पिरिटनं उतरवता येतं, म्हणजे उद्या मन बदललं तरी लाकूड शाबूत. पण एक ऐक, हे काम आत्ता गावी करू नकोस. हवेत एवढी ओल असताना चपड्याचं पॉलिश पांढुरकं पडतं. पॉलिशवाला 'दिवाळीच्या आत देतो' म्हणत असेल, पण तू थांब. वस्तू नाशिकला जाऊ देत, महिनाभर तिथली कोरडी हवा खाऊ देत, मग कर. ओलीनं फुगून घट्ट झालेले खणही तोवर आपोआप सैल होतील. उगाच रंधा मारून घेऊ नकोस, नाहीतर उन्हाळ्यात ते खडखडतील.

आता देव्हाऱ्याविषयी. तो काळपट झालाय, नवीन घरात 'जुनाट' दिसेल, असं तू म्हणालास. आप्पा, तो काळपट पडलेला नाही, पिकलाय. फणसाचं लाकूड ताजं कापलेलं असतं तेव्हा हळदीसारखं पिवळं असतं. त्याचा भुसा उकळून ब्रह्मदेशात, थायलंडात भिक्खूंची चीवरं रंगवत आले आहेत. हवा आणि उजेड खात खात ते तांबूस तपकिरी होतं. तुझ्या आजोबांनी करवून घेतला तेव्हा तो पिवळाधमक असणार. आज जो रंग आहे तो तुमच्या घरातल्या सगळ्या सकाळ-संध्याकाळींनी चढवलेला आहे. एखाद्या डब्यातून तो मिळणार नाही. शिवाय त्याची झाक उबदार आहे, तांबूस-पिवळी. सागाची सोनेरी. दोघं एकाच कुळातले वाटतात, शेजारी सुखानं नांदतील.

पलंगाचं वेगळं. ती शिसव आहे, जांभळट काळी. तू ऑनलाइन घेतलेलं जेवणाचं टेबल 'शीशम'चं आहे. नावं सारखी असली तरी झाडं दोन. शिसव सह्याद्रीतली, शीशम उत्तरेतल्या नद्यांच्या काठचं, रंगानं पुष्कळ उजळ आणि पट्ट्यापट्ट्यांचं. आपल्या शिसवीचं मोठं झाड आता सहजासहजी दिसत नाही. या अख्ख्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७पासून निर्बंध आहेत. एवढ्या रुंद फळ्यांचा पलंग आज करायचा म्हटलं तर लाकूड आणणार कुठून? त्यावर तू रंग ओतायला निघालायस!

मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं, ते सांगतो. हॉलमध्ये सागाला यजमान केलं असतं. डोळ्यांना दिसणारं निम्म्याहून जास्त लाकूड त्याच रंगाचं: कपाट, मुख्य दार, सोफ्याचे हात. देव्हारा त्याच भिंतीला. शीशमचं टेबल सागाच्या अगदी शेजारी नको, कारण ते दोघं 'जवळजवळ सारखे' आहेत. मध्ये खिडकी किंवा रिकामी भिंत येऊ दे, खाली एखादी सतरंजी पसर. पलंग आतल्या खोलीत, पण तिथं त्याला एकटं पाडू नकोस. कोणतंही लाकूड खोलीत एकटं असलं की पाहुण्यासारखं अवघडून बसतं. त्याच रंगाचं आणखी काहीतरी लांबच्या कोपऱ्यात ठेव. काकांच्या फोटोची ती काळी चौकट आहे ना, ती समोरच्या भिंतीवर लाव. तेवढ्यानं पलंग घरचा होईल.

आणि स्वयंपाकघराला, वॉर्डरोबला लाकडाचा छाप असलेला मायका नको. खऱ्या लाकडाच्या शेजारी तो छापील रेषांचा कागद फार केविलवाणा दिसतो. एकच रेघ दर काही फुटांनी पुन्हा येते, आणि एकदा दिसली की दिसतच राहते. त्यापेक्षा सरळ साधा रंग घे. साईसारखा किंवा फिकट हिरवा. प्लायवुड तेच, काम तेच, पण तुझी पाच खरी लाकडं मोकळा श्वास घेतील.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः बघ. कपाटाचा एक खण काढ, एक पाट घे, टेबलाची सुटी फळी, मायक्याचा नमुना, पलंगाची एखादी दांडी. सगळं पांढऱ्या चादरीवर खिडकीपाशी मांड. ओल्या फडक्यानं जुन्या लाकडावर एक हात फिरव. पॉलिशनंतरचा रंग साधारण तोच असतो. मग मोबाइलवर एक फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट कर. रंग निघून गेले की कोण किती गडद ते उघड दिसतं. जे दोन तुकडे एकाच करड्या रंगाचे दिसतील पण उघड्या डोळ्यांना वेगळे वाटतील, त्यांना लांब ठेव. आम्ही हे गेल्या वर्षी बाल्कनीत केलं. आई खुर्ची घेऊन शेजारी बसली होती. मी विचारायच्या आधीच तिनं एकेक तुकडा उचलून नाकाशी धरला आणि सांगितलं, हा साग, हा फणस, "आणि हे लाकूडच नाही." शेवटचा मायका होता.

संध्याकाळी तीच मांडणी दिव्याखाली बघायला विसरू नकोस. तुझ्या फ्लॅटमध्ये बिल्डरनं पांढऱ्याफटक ट्यूब लावल्या असतील, ६५०० केल्विनच्या. त्या उजेडात साग राखेसारखा दिसतो आणि फणसाची तांबूस झाक मरते. हॉलमध्ये तरी ३००० केल्विनचे पिवळसर दिवे लाव. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक यानंच पडला. भिंतीलाही निळसर पांढरा देऊ नकोस, थोडा दुधाळ घे.

वहिनींना हे पत्र वाचून दाखव. त्यांचा जीव नव्या घरात आहे, ते बरोबरच आहे. इतकी वर्षं भाड्याच्या घरांत काढल्यावर स्वतःचं घर टापटीप दिसावं असं वाटणारच. त्यांच्या आवडीची एखादी नवी वस्तू आधी ठरवा, आणि जुन्यांना तिच्याभोवती जागा द्या. एवढंच बघ की जुन्यांनी नव्यासारखं दिसायचा हट्ट नको.

टेम्पो येत्या शनिवारी निघणार असेल तर तसं कळव. मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं येतो. मी येईपर्यंत देव्हाऱ्याला कुणाला हात लावू देऊ नकोस. तो आडवा घालायचा नाही, उभाच बांधायचा, आणि दोरीखाली जुन्या गोधड्या घालायच्या म्हणजे कळसाला व्रण पडणार नाही. आतल्या उजव्या कोपऱ्यात निरांजनाच्या तेलाचा गोल डाग आहे, काकू रोज जिथं ठेवायच्या तिथं. उत्साहाच्या भरात कुणी तो घासून काढेल, तेवढं सांभाळ.

तुझाच,
सदा