मामी, ते तुमच्या सुपातलं नव्हतं

ल्यों, फ्रान्स, 18 जानेवारी

तीर्थस्वरूप मामींस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली असेल. सातही नंदीध्वज मिरवून झाले असतील. यंदा आपल्या घरी सण नाही, म्हणून तिळगुळाचं काही लिहीत नाही. मामांना जाऊन आज सव्वीस दिवस झाले. फोनवर मी जेवलात का, झोप लागते का एवढंच विचारतो, आणि जे बोलायचं ते घशातच राहतं. म्हणून कागद घेतला. आक्काला सावकाश वाचून दाखवायला सांगा.

तेराव्याच्या दिवशी आक्काने फोन तुमच्या हातात दिला, तेव्हा तुम्ही एकच वाक्य बोललात. "माझ्या सुपानं खाल्लं रे त्यांना." त्यानंतर मला नीट झोप नाही. हे तुमच्या मनात कुठून आलं ते मला माहीत आहे. पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा मीच सोबत होतो. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "बिडी किती ओढता?" मामा म्हणाले, "एकही नाही." डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. घरात कोण काय करतं विचारल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "मी बिड्या वळते," आणि पदर तोंडाला लावलात. त्या दिवसापासून तुम्ही तंबाखूचं सूप घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसायला लागलात. उन्हातसुद्धा.

मामी, ते तुमच्या सुपातलं नव्हतं.

मी डॉक्टर नाही. पण गेले दोन महिने रात्री जे मिळेल ते वाचतोय. सूतगिरण्यांत आणि मागाच्या शेडमध्ये कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन एक आजार होतो, त्याला बिसिनोसिस म्हणतात. इंग्लंडात लँकेशायरच्या सूतगिरण्यांतल्या कामगारांचा हा आजार 1950 च्या दशकात रिचर्ड शिलिंग नावाच्या डॉक्टरांनी बारकाईने तपासला. त्याची खूण अशी, की आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते. सुरुवातीला फक्त त्या एका दिवशी. मग दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही. शेवटी सुट्टी असो नसो, ती सुटतच नाही.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप मिटून बसून राहिलो. मामा काय म्हणायचे आठवतं? "सुट्टी मला मानवत नाही बे. दुसऱ्या दिवशी छातीवर कुणी मागाचा बीम ठेवल्यागत होतं." आपण सगळे हसायचो, मामांना आराम पचत नाही म्हणायचो. ते गंमत म्हणून नव्हते सांगत.

आता तुम्हीच आठवा. सुट्टीच्या दिवशी मामा कुठे असायचे? तुमच्याजवळ. तुम्ही पानं कापायच्या, ते मांडी घालून ग्राफच्या कागदावर डिझाईन काढायचे, मध्येच तुमच्या बिड्या मोजून कट्टे बांधायचे. सूप त्यांच्या गुडघ्याला लागलेलं असायचं. त्यांची छाती सुपातल्या तंबाखूने भरली असती तर त्या दिवशी त्यांना जास्त खोकला लागला असता ना? पण आठवड्यातून तेवढ्या एकाच दिवशी ते मोकळा श्वास घ्यायचे. कामाच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांचं सोडा, तेव्हा सगळे दिवस सारखेच झाले होते.

कार्ड पंचिंगवाल्याच्या छातीत एवढा कापूस कसा, असं आक्काने विचारलं होतं. पंचिंग, म्हणजे डिझाईनप्रमाणे कार्डांना भोकं पाडणं, साखर पेठेतल्या खोलीत व्हायचं, पण कार्डं बांधून झाली की ती शेडमध्ये नेऊन मागावर चढवायचेही मामाच. जकार्ड, म्हणजे कार्डं बघून नक्षीचे दोरे उचलणारं यंत्र, मागाच्या डोक्यावर असतो. शिडी लावून वर जायचं, पत्र्याखाली वाकून उभं राहायचं. उडणारा सगळा कापूस तिथेच बसलेला असतो. एखादं कार्ड फाटलं, डिझाईन चुकलं की रात्री-अपरात्री बोलावणं यायचं. परत आल्यावर भुवयासुद्धा पांढऱ्या. तुम्ही दारातच टॉवेलने झटकायच्या. तोंडाला काही बांधा, असं मालकाने कधी सांगितलं नाही, आणि मामांनीही कधी रुमाल बांधला नाही. वर चढल्यावर दोऱ्या दिसायला हव्यात, म्हणायचे.

मी सातवीत असताना त्यांनी मला जकार्ड समजावला होता. चादरीतला एक आडवा धागा म्हणजे एक कार्ड. ग्राफवर जिथे रंग भरला तिथे कार्डाला भोक पाडायचं. "भोक असलं की दोरा उठतो, नसलं की बसतो. एवढंच हाय बे. पण एक भोक चुकलं तर मोराचा डोळा फुटतो." कॉलेजात कॉम्प्युटरचा पहिला तास झाला तेव्हा सगळी मुलं गोंधळलेली होती. मला मात्र ते साखर पेठेतच कळलेलं होतं.

आणि नशीब बघा, नोकरी लागली ती जकार्डच्याच गावात. जोसेफ मारी जकार्ड हा इथलाच, 1752 चा जन्म. त्याने 1804 च्या सुमारास ते यंत्र बसवलं. क्रॉ-रूस नावाच्या टेकडीवर त्याचा पुतळा आहे. तिथे रेशीम विणणारे राहायचे. त्यांच्या घरांची छतं चार मीटर उंच, कारण मागावर जकार्ड बसायला हवा. मागाच्या आवाजाला इथले लोक 'बिस्ताँक्लाक' म्हणतात. मामांना तो शब्द फार आवडला होता.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना तिथल्या विणकरांच्या संग्रहालयातून व्हिडिओ कॉल केला होता. तुम्ही तेव्हा बिड्या द्यायला कारखान्यात गेला होतात, म्हणून सांगतो. एक बाई जुना माग चालवून दाखवत होत्या. मामा म्हणाले, "खालचं नको, वरचं दाखव." मी फोन उंच धरला. बराच वेळ बोललेच नाहीत, फक्त श्वासाची घरघर ऐकू येत होती. मग म्हणाले, "सिलिंडर आपल्यासारखाच. नावाला सिलिंडर, हाय चौकोनी." आणि जरा थांबून, "डावीकडची कार्डं सैल बांधलीत. त्यांना सांग." मी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं. बाईंनी वर पाहिलं, हात लावून बघितला आणि विचारलं, हे कोण आहेत? मी म्हटलं, माझे मामा, सोलापूरला हेच करतात. तेव्हा त्यांचं काम सुटून चार वर्षं झाली होती, तरी मी 'करतात' म्हणालो. मामांनी तिकडून मान हलवली.

मी यायला हवं होतं. इथली कागदपत्रं अडकली होती, देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. कारण खरं आहे, पण खांदा द्यायला मी नव्हतो, हेही खरंच आहे.

आणखी एक. कुंभारीचं घर तुमच्या बिडी कामगार कार्डावर मिळालं. 2006 साली तिथे दहा हजार बिडीवाल्या बायकांना घरं मिळाली, त्यातलं एक तुमचं. मामा येईल-जाईल त्याला सांगायचे, "हे हिच्या हातचं घर." त्याच घरात त्यांना सुट्टीचा मोकळा श्वास मिळाला. तुम्ही सूप परत आत घ्या, ओट्यावर बसू नका. तंबाखूची धूळ तुमच्याही छातीला वाईटच आहे, म्हणून दार-खिडकी उघडी ठेवा आणि नाकावर पदर बांधा. पण स्वतःला शिक्षा म्हणून उन्हात बसू नका.

माळ्यावर मोराच्या डिझाईनची कार्डं आहेत, सुतळीने बांधलेली. आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले, ती कुणी घेणार नाही, रद्दीवाला किलोवर मागेल. देऊ नका. मी मार्चमध्ये येतोय, मला हवीत.

आणि धाकट्याला जवळ बसवून एक प्रश्न विचारा. तो त्याच शेडमध्ये जातो. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी छाती कशी असते, एवढंच विचारा. तो हसण्यावारी नेईल, तरी विचारा. 'जरा आवळते' म्हणाला तर माझी वाट पाहू नका, आठवड्याच्या आत त्याला छातीच्या डॉक्टरांकडे न्या, आणि कापसात काम करतो हे त्यांना आधी सांगा. पैसे मी पाठवतो.

तुमचा,
भाचा