बेअरिंग आणायला जाण्याआधी

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय नंदू,

तुझा निरोप मिळाला. तुझ्या कॅम्परच्या, म्हणजे राहायची-झोपायची सोय केलेल्या ट्रॅव्हलरच्या, पुढच्या डाव्या चाकातून घरघर येते, गॅरेजवाल्याने बेअरिंग गेलं म्हणून सांगितलं, आणि दिवाळीनंतर तुम्ही चौघं ताम्हिणी उतरून दापोलीला निघणार. नाना पेठेत जाऊन बेअरिंग आणण्याआधी हे पत्र एकदा नीट वाच. घरघर ऐकली की बेअरिंग बदलायचं, ही सवय फार महाग पडते. नवं बेअरिंग बसतं आणि आवाज तसाच राहतो. अशा वेळी बऱ्याचदा दोष टायरचा निघतो. कॅम्परमध्ये तर टायरवर संशय आधी घ्यावा, कारण ही गाडी चालते कमी आणि ओझं अंगावर घेऊन उभी राहते जास्त.

पहिलं काम आवाज ओळखण्याचं. पहाटे रस्ता मोकळा असताना निघ आणि ऐकायला कुणाला तरी सोबत घे. भांडी, शेगडी, पलंगाखालचं सामान आधी उतरव, कपाटांची दारं चिकटपट्टीने बंद कर. आतलं प्लायवुडचं पार्टिशन तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं काम करतं. मागच्या चाकांकडे इंजिनाची ताकद नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या मधल्या बेअरिंगचा आवाजही मग पायाशी आल्यासारखा वाटतो. पाण्याची टाकी रिकामी कर. अर्धी भरलेली टाकी वळणावर हिंदकळते आणि उंच गाडीला ते धोक्याचं आहे.

सपाट रस्त्यावर ताशी ५० ला वेग स्थिर ठेव आणि क्लच दाब. इंजिन आयडलला आलं तरी घरघर तशीच राहिली, तर इंजिन आणि क्लच यादीतून बाद. ॲक्सिलरेटरवर पाय असताना एक आवाज आणि पाय उचलल्यावर दुसरा, असं असेल तर लक्ष मागच्या ॲक्सलमधल्या गिअरांकडे, म्हणजे डिफरन्शियलकडे, जायला हवं. तुझी गाडी मागच्या चाकांवर ओढली जाते, पुढे ड्राइव्ह शाफ्ट नाही, म्हणून मोटारींना वळताना होणारी ती कटकट इथे शोधत बसू नको.

मग डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर जा. सूर बदलला तर टायर. बेअरिंगला खाली रस्ता कसला आहे ते कळत नाही, त्याचा आवाज फक्त वेगाबरोबर चढतो आणि उतरतो. ब्रेकला पाय नुसता टेकव. आवाज थांबला किंवा बदलला तर पॅड आणि डिस्क बघायची.

मागेपुढे कुणी नसेल तरच ताशी ४० ला गाडी हलकेच उजवीकडे आणि मग डावीकडे ने. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर येतं. त्या वेळी घरघर वाढली तर डाव्या बाजूचा संशय पक्का होत जातो. पण एवढ्यावर बाजू ठरवू नको. तुझ्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, आत मोठं आणि बाहेर लहान, अशी निमुळत्या रोलरांच्या टेपर बेअरिंगांची जोडी आहे. खराबी कुठल्यात आहे त्यावर ही खूण कधी उलटीही पडते. नोंद कर आणि पुढे चल.

शेवटी एखाद्या लांब भिंतीच्या कडेने काच खाली करून माणसाच्या चालीने गाडी चालव. भिंतीवरून आवाज परत येतो आणि चाकाच्या एका फेऱ्याला एक अशी टकटक असेल तर स्पष्ट ऐकू येते. नक्षीत अडकलेला खडा, सैल झालेला व्हील नट किंवा आतून पट्टा सुटून फुगलेला टायर, यांतलं काहीतरी असतं. नट सैल निघाले तर तिथेच थांब आणि रिमची भोकं बघ. ती लांबट झाली असतील तर रिम बाद.

आता टायर. तळवा नक्षीवरून आडवा फिरव, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे पुढच्या चाकांच्या तोंडाचा आत-बाहेर कोन, बिघडलाय, अलाइनमेंट हवी. घेरावर थोड्या थोड्या अंतराने खोलगट वाट्या लागल्या तर शॉक ॲब्सॉर्बर गेलाय. असा टायर अगदी बेअरिंगसारखा घुमतो. महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टायरला खाली सपाट डागही पडतो. १०-१५ किलोमीटर चालून टायर तापल्यावर तो भरून आला तर ठीक, नाही तर तो कायमचा. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटचे चार आकडे वाच. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदलावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. कॅम्परचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. नक्षी बघून त्याच्यावर विश्वास टाकू नको.

खात्री करायची तर त्याच मापाची स्टेपनी डाव्या पुढच्या चाकाला लाव आणि तोच रस्ता पुन्हा चालून ये. आवाज गेला तर निदान झालं. तासाभराचं काम, खर्च शून्य, आणि बहुतेक लोक नेमकं हेच करत नाहीत. मला याचं खरंच वाईट वाटतं.

जमलं तर एकदा वजनकाट्यावर जा. नुसती पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन कर, मग पूर्ण गाडीचं. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. त्यात बॅटऱ्या, फ्रिज आणि सिलिंडर एकाच बाजूला बसवले असतील तर त्या बाजूचं बेअरिंग आणि टायर आधी जाणारच.

टायर निर्दोष ठरला तरच पुढच्या कामासाठी जॅक काढ. गाडी सपाट, कडक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल कर. जॅकने उचलल्यावर वजन घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर, उतरव. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, नंदू. विटा आणि दगडही नकोत. वीट न सांगता फुटते.

एक हात स्प्रिंगवर किंवा पाट्यावर (पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) ठेव आणि दुसऱ्याने चाक सावकाश फिरव. चांगलं बेअरिंग हाताला लागत नाही. खराब झालेलं स्प्रिंगमधून खरखरतं, वाळूवरून काहीतरी घासत गेल्यासारखं. नंतर चाक वर आणि खाली, घड्याळाच्या बारा आणि सहावर धरून हलव. खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला तर सोबतच्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांग आणि पुन्हा हलव. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा. तसाच राहिला तर तो किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं तिचा, आणि गाडीला पुढे पाट्यांऐवजी आर्म असतील तर बॉल जॉइंटचा. तीन आणि नऊवर धरून हलवल्यावर खेळ दिसला तर टायरोड एंडला, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याच्या टोकाला, हात लावून बघ. ही ब्रेकची युक्ती तेवढी विसरू नको. किंगपिनचा खेळ बेअरिंगच्या नावावर खपतो तो ही चाचणी टाळल्यामुळे. गतिरोधकावरून जाताना नुसतं कुरकुरत असेल तर पाट्यांच्या बुशांवर बाटलीतून पाणी मार. कुरकुर लगेच थांबली तर दोष तिथेच आहे, चाकात नाही.

चाक फिरवताना एका ठिकाणी घासून पुढे जात असेल तर ब्रेक उघडून बघ. डिस्कमागच्या पत्र्यात खडी अडकलेली असते, किंवा पत्राच वाकून डिस्कला लागतो. पावसाळाभर गाडी उभी असेल तर पॅड जिथे टेकलेला तिथे डिस्कवर गंजाचा पट्टा उमटतो आणि फेऱ्याला एकदा घर्र होतं. चाक जडच फिरत असेल तर कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) ब्लीड निपल, म्हणजे हवा काढायची बारीक तोटी, थोडा सैल कर. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर ब्रेकमध्ये दाब कोंडलेला होता. जुन्या गाडीत अशा वेळी रबरी होज आतून सुजलेला असण्याची शक्यता मोठी. निपल सोडूनही चाक अडकलेलंच राहिलं तर कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकत्या पिना धरल्यात. काम झाल्यावर निपल घट्ट करून हवा काढ आणि पेडल कडक लागतं ना ते बघ, त्याशिवाय गाडी हलवायची नाही. अडकलेला ब्रेक हब तापवतो, हबमधलं ग्रीस पातळ होऊन वाहून जातं, आणि मग बेअरिंग जातं. अशा वेळी नुसतं बेअरिंग बदललं तर नवंही टिकणार नाही.

इथवर येऊनही बोट बेअरिंगकडेच जात असेल तर हब उघड. कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नको, तारेने बांधून ठेव. बेअरिंग डिझेलमध्ये धू, पुसून वाळव. कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवण्याचा मोह टाळ. कोरडं बेअरिंग त्याने खराब होतं आणि रोलर सुटून डोळ्यात जाऊ शकतो.

मग ते उजेडात वाच. रोलर किंवा कपावर (बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर) पापुद्रे निघालेले खळगे असतील तर पोलादाचं आयुष्य संपलं. कपावर रोलरच्या अंतराने सारख्या पुसट खुणा दिसल्या तर गाडी उभी असताना हादऱ्यांनी पडलेले डाग आहेत. निळसर किंवा पिवळट झाक म्हणजे ते तापलंय. नट जास्त आवळलेला होता, ग्रीस नव्हतं किंवा ब्रेक अडकला होता, यांतलं कारण शोधल्याशिवाय नवं बसवू नको. करडे, काळपट डाग आणि गंज म्हणजे सीलमधून पाणी गेलं. स्टब ॲक्सलवर, म्हणजे हब ज्या आखूड आसावर बसतो त्यावर, आतल्या बेअरिंगची जागा निळी पडली असेल किंवा चरे गेले असतील तर तोच बदलावा लागेल. त्यावर वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नको. त्या तुकड्यावर अख्खं चाक लटकलेलं असतं.

खराब निघालं तर आतलं आणि बाहेरचं दोन्ही कपांसकट बदल. जुन्या कपात नवा कोन (रोलरांसकटची आतली कडी) कधीही घालायचा नाही. कडेवर कोरलेला नंबर लिहून ने आणि सीलबंद खोक्यातलंच घे. एसकेएफचा कारखाना आपल्याच चिंचवडला आहे, पण त्या नावाची बनावट बेअरिंगं बाजारात फिरतात. खोक्याचे फोटो काढून कंपनीच्या ॲपवरून पडताळणी करून घेता येते. सोबत नवं ऑइल सील, नट फिरू नये म्हणून घालायची नवी स्प्लिट पिन आणि डिस्क ब्रेकच्या हबसाठीचं लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस, दोन नंबरचं. अर्धा किलोचा डबा दोन्ही चाकांना पुरून उरतो. जुनं ग्रीस पूर्ण काढ. वेगळ्या जातीची ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊन गळू शकतात.

कप पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांडक्याने) आळीपाळीने समोरासमोर ठोकत बसव. तळाला टेकला की ठोक्याचा बसका आवाज खणखणीत होतो. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूने दाबत राहा, दुसऱ्या बाजूने ते रोलरांमधून बाहेर येईपर्यंत. हबची पोकळी मात्र निम्म्यापेक्षा जास्त भरू नको. काठोकाठ भरलेलं ग्रीस घुसळून तापतं आणि सील फोडून ब्रेकवर येतं.

आता नट. पत्रातलं बाकी सगळं विसरलास तरी चालेल, हे विसरू नको. हब हाताने फिरवत फिरवत नट साधारण २५ ते ३० न्यूटन मीटरला आवळ, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग पाव ते अर्धा फेरा पूर्ण सैल सोड, आणि पुन्हा नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत आण. नटाखालचा वॉशर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने नुसता ढकलून हलला पाहिजे, तरफ लावायची गरज पडता कामा नये. बारीक हालचाल मोजणारा डायल गेज लावला तर हबचा आत-बाहेर खेळ ०.०२ ते ०.१० मिलिमीटरच्या आत यावा. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो मान. स्प्लिट पिनेचं भोक जुळत नसेल तर नट सैल करून जुळव, आवळून नाही. किंचित सैल टेपर बेअरिंग थोडं गुणगुणत चालेल. जास्त आवळलेलं तापतं, चिकटतं आणि घाटात चाक अडकवतं. "जरा टाइट करून देतो" असं कुणी म्हणालं तर त्याचा हात धर.

बसवल्यावर दहा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून चालव आणि दोन्ही पुढच्या हबना हाताची मागची बाजू लाव. दोन्हींत सारखी ऊब असावी. एखादा हब हात ठेववत नाही इतका तापला असेल तर नट पुन्हा बघ. या फेरीला कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरू नको. त्या उतारावर ब्रेकनेच हब तापतो आणि काही समजत नाही. ५० ते १०० किलोमीटरनंतर व्हील नट पुन्हा टॉर्कने आवळ, आणि ५०० नंतर बारा-सहाची चाचणी एकदा कर. दापोलीची फेरी जाऊन-येऊन चारशेच्या आसपास होईल, म्हणून हे सगळं निघायच्या किमान पंधरा दिवस आधी उरकून घे.

बेअरिंग निघालं तर जुनी जोडी गॅरेजमध्ये टाकून येऊ नको. डावं-उजवं असं लिहून कागदात गुंडाळून ठेव. शनिवारी मी डायल गेज आणि माझ्या दोन घोड्या घेऊन येतो. तोवर स्टेपनीची चाचणी तेवढी करून ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिलीप