पेरणीयंत्र शेतात घालण्याआधी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

यंदा सोयाबीन बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा-सरी पद्धतीने, पेरायचं ठरवलंस, फार चांगलं केलंस. आपल्या काळ्या जमिनीत जोराच्या पावसात पाणी तुंबतं आणि उघडीप पडली की भेगा पडतात. रुंद वरंब्याच्या दोन्ही बाजूंच्या सऱ्या जास्तीचं पाणी काढून देतात, खंड पडला तर ओल धरून ठेवतात. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने हैदराबादजवळच्या पटनचेरूला १९७०च्या दशकात ही पद्धत अशाच जमिनींसाठी बसवली. एकरी ३० किलोऐवजी २२ किलो बियाणं पुरतं. मात्र बी कमी असलं की चूक लगेच दिसते. एक नळी तुंबली तर ओळच्या ओळ रिकामी.

म्हणून यंत्र आधी कोरडं चालवून बघ. नळ्या फणातून काढ, चारही नळ्यांना पिशव्या बांध आणि ५० मीटर चालव. सरीच्या मध्यापासून पुढच्या सरीच्या मध्यापर्यंत १.८ मीटर भरत असेल, तर चारही पिशव्यांत मिळून साधारण ४९० ग्रॅम बी पडायला हवं. पिशव्या वेगवेगळ्याही तोल. प्रत्यक्ष पेरताना बी ३-४ सेंटिमीटरच्या खाली नको. सरी पाडणाऱ्या रिजरची माती कडेच्या ओळींवर पडते, तिथलं बी गाडलं जातं आणि उगवत नाही. पहिल्या फेरीनंतर ट्रॅक्टर थांबवून त्याच ओळी उकरून बघ. खोल गेलं असेल तर रिजर थोडे वर घे. ड्रायव्हर घाई करेल, करू देऊ नकोस.

बियाणं घरचं आहे, तेव्हा ओल्या गोणपाटावर १०० दाणे गुंडाळून सावलीत ठेव. आठवड्याने ७० निरोगी कोंब आले तर २२ किलो, ६० आले तर २६ किलो धर. पोती आपटू देऊ नकोस, सोयाबीनचं टरफल पातळ असतं. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि पेरणीच्या तोंडावर दर १० किलोला रायझोबियम (नत्र मिळवून देणारं जिवाणू खत) व पीएसबी (स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत) प्रत्येकी २५० ग्रॅम. उन्हात वाळवलंस तर जिवाणू मरतील.

खत पेरणीबरोबरच, बियाला न चिकटता: एकरी युरिया २६ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट १५० किलो (त्यातून गंधकही मिळतं), पोटॅश २० किलो. नंतर उभ्या पिकाला युरिया नको. पीक नुसतं माजतं, मुळांवरच्या गाठी कमी होतात.

पेरणी उताराला आडवी, तीही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच. गोणपाट आजच भिजव आणि कोंब किती आले ते कळव.

तुझे बाबा