सोनं घरात ठेवू नकोस

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन मध्येच ठेवला, ते चुकलं. "तुम्ही जन्मभर लोकांचं सोनं सांभाळलंत, मला माझं सांभाळू द्या," असं तू म्हणालास ते लागलं. तरी सांगतो, ती नाणी घरात ठेवू नकोस.

जुन्या नोकरीचा फंड आयआरएमध्ये, म्हणजे तिकडच्या करसवलतीच्या निवृत्ती खात्यात, वळवून सोनं घेतोस, त्याला माझी ना नाही. अमेरिकन ईगल नाणं बावीस कॅरटचं असूनही तिकडच्या कायद्याने चालतं, बिस्किटाला मात्र 99.5 टक्के शुद्धता लागते, हे वाचून मला बरं वाटलं. एका नाण्यात 31.1 ग्रॅम सोनं, म्हणजे आपले तीन तोळे आणि वर थोडं. पण ते आयआरएचं आहे, रे. ते बँकेच्या किंवा मान्यता असलेल्या ट्रस्टीच्याच ताब्यात हवं. एलएलसी, म्हणजे स्वतःची छोटी कंपनी, काढून घरच्या तिजोरीत ठेवता येतं असं ती जाहिरात म्हणते. ऱ्होड आयलंडच्या एका जोडप्याने अगदी तसंच केलं होतं. नोव्हेंबर 2021 मध्ये टॅक्स कोर्टाने निकाल दिला की नाण्यांवर बाईंचा पूर्ण ताबा होता, म्हणजे पैसे काढल्यासारखेच. सगळ्या किमतीवर कर, शिवाय दंड. मुग्धाकडून निकाल छापून घेतला आणि तीनदा वाचला. तुला तर साडेएकोणसाठ व्हायला सोळा वर्षं आहेत, त्या वयाआधी पैसे काढले म्हणून आणखी दहा टक्के वेगळे जातील.

पुन्हा मास्तरकी झाली. माफ कर.

सोनंतारणाच्या पिशव्या आठवतात का तुला? सुट्टीत शाखेत यायचास तेव्हा मेणबत्तीवर लाख वितळायची, त्या वासाने तू नाक धरायचास. पिशवीवर दोन सह्या, तिजोरीला दोन किल्ल्या. एक मॅनेजरकडे, एक माझ्याकडे. एकट्याला उघडताच येऊ नये म्हणूनच ती रीत होती, आणि त्यामुळेच मी रात्री निवांत झोपायचो. तू झालास त्या सकाळी दवाखान्यातून निरोप आला, तरी आधी शाखेत जाऊन किल्ली दिली आणि मग तुला पाहायला धावलो. तुझ्या आईने ते अजून विसरलेलं नाही.

आजीच्या पाटल्या जोंधळ्याच्या कणगीत होत्या. घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, असं आम्ही धरून चाललो होतो. पंढरपूरहून परत आलो तर ओसरीभर जोंधळा सांडलेला. आजी काही बोलली नाही, सुपाने दाणे भरत बसली. स्मिताची रात्रपाळी असते, घरात तू आणि ओवी दोघंच. मला कराची भीती आहेच, पण रात्री जाग येते ती या विचाराने.

विल्मिंग्टनला डिपॉझिटरी आहे, म्हणजे लोकांचं सोनं सांभाळणारी कोठी, तुमच्या एडिसनहून दीड-दोन तासांचा रस्ता. तुझा माल वेगळा ठेवायचा, म्हणजे सेग्रिगेटेड, असं लिहून घे. वर्षाचं भाडं पडेल. पडू दे.

तुझ्या पहिल्या पगाराची पावती अजून माझ्या कपाटात आहे. तू कमावलेलं आहे म्हणूनच इतकं बोलतो.

सही करण्याआधी फोन कर. मी चिडणार नाही. आणि तिजोरी आली असेल तर खोक्यातून बाहेर काढू नकोस, परत घेतात का ते विचार.

तुझा,
बाबा