रंगपंचमीची ठंडाई आणि सिस्टरची नोकरी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी इंदूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात चौतीस वर्षं नोकरी केली, शेवटची अकरा वर्षं वॉर्ड इन्चार्ज होते, आता रिटायर होऊन घरी असते. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. पण महिना झाला, मनातून विषय जात नाहीये म्हणून लिहितेय.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी बीएससी नर्सिंग झालीये, तीन वर्षं आयसीयूत काम केलंय. इथल्याच एका खाजगी हॉस्पिटलात इंटरव्ह्यू झाला, पगार ठरला, जॉइनिंगची तारीख पण मिळाली, फक्त मेडिकल राहिलं होतं. त्याच आठवड्यात रंगपंचमी आली. इंदूरची रंगपंचमी काय असते ते तुमच्या वाचकांना मी काय सांगणार, गेर म्हणजे रंगांची मिरवणूक बघायला राजवाड्यावर अख्खं शहर लोटतं, आमच्या घरची पोरं पण भिजून लाल-हिरवी होऊन आली आणि मग रामबागेत एका नातेवाइकांकडे सगळ्यांनी ठंडाई घेतली, भांगेची, वर्षातून एकदा घेतात तशी. सत्तरी उलटलेल्या काकांनी घेतली, सुनांनी घेतली, हिनं पण एक पेला घेतला. चोरून नाही, सगळ्यांच्या समोर.

तिसऱ्या दिवशी मेडिकल. रक्त, छातीचा एक्स-रे आणि लघवीची ड्रग टेस्ट. ती स्ट्रिप ज्यांनी हाताळलीये त्यांना माहितीये की तिचं प्रेग्नन्सीच्या स्ट्रिपच्या उलट असतं, रेघ उमटली म्हणजे निगेटिव्ह आणि रेघ नाही उमटली म्हणजे पॉझिटिव्ह. हिच्या टीएचसीच्या, म्हणजे भांग-गांजातल्या नशेच्या द्रव्याच्या खान्यात रेघ आली नाही. संध्याकाळी एचआरमधून फोन, "आपकी जॉइनिंग होल्ड पे है", आणि दोन दिवसांनी कळलं की जागा दुसरीला दिली. रिपोर्ट मागितला तर हातात दिला नाही, मी ओळखीतून खटपट केली तेव्हा एक झेरॉक्स मिळाली, त्यावर नुसतं "पॉझिटिव्ह" लिहिलेलं, किती नॅनोग्राम, कन्फर्म केलं का, काही नाही. आणि तिथल्या कुणीतरी तिच्या आधीच्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणीला सांगितलं की ती पोरगी नशा करते. हे मला सगळ्यात जास्त लागलंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर लोक म्हणतील म्हातारी भाचीची बाजू घेतेय. ड्यूटीवर नशा केलेली सिस्टर मला एक मिनिट चालायची नाही, भांग असो, दारू असो, झोपेची गोळी असो. पेशंटच्या शिरेत पोटॅशियम सोडणारा हात शुद्धीवरच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या स्ट्रिपला ते कळतच नाही.

ती स्ट्रिप नशा मोजत नाही. टीएचसी शरीरात मोडून जो कार्बॉक्सी पदार्थ तयार होतो तो शोधते, आणि त्या पदार्थानं नशा होत नाही, तो नुसता मागे राहिलेला केर आहे. टीएचसी चरबीत साठतं, हळूहळू बाहेर पडतं, म्हणून एकदाच घेणाऱ्याच्या लघवीत तीनेक दिवस सापडतं आणि रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभर पण सापडू शकतं. दारूचं उलट आहे. रोज रात्री क्वार्टर मारणारा माणूस सकाळी या स्ट्रिपवर एकदम स्वच्छ निघतो. म्हणजे वर्षातून एकदा ठंडाई पिणारी मुलगी बाहेर आणि रोज पिणारा आत, हा कुठला न्याय झाला?

आणि नुसत्या स्ट्रिपवर विश्वास ठेवायचाच नसतो, लॅबवाल्यांना विचारा. आपण ॲसिडिटीला सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेतो ना, त्या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की लघवीची टीएचसी टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. नाइट करणाऱ्या नर्सेसमध्ये ही गोळी किती जणी घेतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली की जीसी-एमएसनं, म्हणजे लॅबमधल्या मशीनवरच्या पक्क्या तपासणीनं कन्फर्म करायची असते. अमेरिकेत सरकारी नियमांत पहिल्या टेस्टची सीमा मिलिलिटरला ५० नॅनोग्राम आणि कन्फर्म करायची १५ अशी ठरवून दिलीये. इथे सीमा कुठली धरली हे त्या झेरॉक्सवर नव्हतं.

आता भांगेचं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, चरस म्हणजे राळ, आणि फुलोऱ्याशिवायची पानं आणि बिया त्यातून वगळल्यात. भांग पानांची, म्हणून आपल्या मध्यप्रदेशात सरकारी लायसन्सवर भांगेची दुकानं चालतात, उज्जैनला महाकालाचा भांगेचा शृंगार होतो, पानाच्या टपरीवर भांगेची मुनक्का गोळी मिळते, आयुर्वेदातलं जातिफलादि चूर्ण, त्यात पण भांग असते, पोट बिघडलं की वैद्य देतात. गांजा ओढला तर कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, ते वेगळं. पण लघवीला हा फरक माहीत नाही, भांग काय गांजा काय, दोन्हीत टीएचसीच. जी गोष्ट सरकार स्वतः लायसन्स देऊन विकतं तिच्यावरून मुलीला न विचारता नशेबाज ठरवायचं हे मला पटत नाही.

माझ्या थोरल्या भावाची सून कॅलिफोर्नियात नर्स आहे, तिच्याशी फोनवर बोलले. तिकडे हाच वाद कितीतरी वर्षं चाललाय. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी २०१२ मध्ये मौजेसाठी गांजा घ्यायला परवानगी दिली, कॅलिफोर्नियानं २०१६ मध्ये, पण केंद्राच्या १९७० च्या कायद्यात बंदी, त्यामुळे राज्यात कायदेशीर असून पण नोकरी जायची. २०१५ मध्ये कोलोरॅडोच्या सुप्रीम कोर्टानं तर व्हीलचेअरवरच्या एका माणसाच्या बाबतीत, तो डॉक्टरी परवानगीनं घरी गांजा घ्यायचा तरीपण, कंपनीनं काढलं ते बरोबर असं सांगितलं. मग हळूहळू बदललं. नेवाडानं १ जानेवारी २०२० पासून नुसत्या गांजाच्या पॉझिटिव्ह टेस्टवरून नोकरी नाकारायची नाही असा नियम केला, पण ज्या कामात दुसऱ्याच्या जिवाला धोका होऊ शकतो ती कामं वगळली, म्हणजे नर्सेसना तिथे खात्री नाहीच. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून असा कायदा आहे की नशा न करणारा तो जुना अंश सापडला एवढ्यावरून नाकारता येत नाही, ड्यूटीवर नशेत असाल तर मात्र मालक कारवाई करू शकतो. मला हेच म्हणायचंय.

पण आपल्या ज्या मुली एनक्लेक्सची, म्हणजे अमेरिकेत नर्स व्हायच्या परीक्षेची तयारी करतायत त्यांना हात जोडून सांगते, तिकडच्या राज्यात दुकानात मिळतंय म्हणून हात लावू नका. इमिग्रेशन केंद्राकडे असतं, आणि व्हिसाच्या मुलाखतीत गांजा घेतल्याचं कबूल केलं तर व्हिसा अडकू शकतो. मेडिकलच्या तारखेच्या आधी ठंडाई, मुनक्का, चूर्ण सगळं बंद. भाचीला हे आधी कुणी सांगितलं नाही, मी पण नाही, त्याचं मला वाईट वाटतं.

आता जे मला खरं सांगायचंय ते. हॉस्पिटलात नशेची भीती आहेच, मी नाकारत नाही. माझ्या नोकरीत एक सिस्टर होती, हात इतका हलका की लहान मुलाची व्हेन पहिल्या टोचणीत मिळायची, ती पेथिडीन, म्हणजे दुखणं थांबवायचं नशेचं इंजेक्शन घेत होती. पेशंटच्या नावावर अख्खं अ‍ॅम्प्यूल लिहायचं, अर्धं द्यायचं. कळलं कसं? रात्रीच्या ओव्हरला, म्हणजे ड्यूटी दुसरीकडे सोपवताना, रिकामी अ‍ॅम्प्यूल्स मोजताना आकडा जुळेना, आणि ऑपरेशनचा पेशंट दोन रात्री दुखतंय दुखतंय म्हणून कण्हत होता. तिला काढून टाकलं, बाहेर कुणाला कळू दिलं नाही, उपचाराला कुणी पाठवलं नाही. पुढे तिचं काय झालं ते सांगायची माझी हिंमत होत नाही. तर साहेब, ती साधी ओपिएटची, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांची स्ट्रिप पेथिडीन पकडत नाही, ऑपरेशनला वापरतात ते फेंटानिल पकडत नाही, भुलीचं केटामाइन तर त्यात नसतंच. जी औषधं हॉस्पिटलच्या कपाटातून जातात तीच या टेस्टमधून सुटतात आणि रामबागेतली ठंडाई सापडते. तिथे दोन कुलपांचं कपाट लागतं, दोघींच्या सह्यांचं रजिस्टर लागतं, उरलेलं औषध दुसरीच्या समोर टाकायची सवय लागते, आणि इन्चार्जनं रोज मोजायला वेळ लागतो, जो तिला कुणी देत नाही. आणि सापडलेल्या बाईला उपचाराची वाट पण पाहिजे. आपल्याच एनडीपीएस कायद्यात कलम ६४-अ आहे, स्वतःहून उपचाराला तयार झालेल्या व्यसनी माणसाला खटल्यापासून सूट मिळू शकते. फ्लोरिडात १९८३ पासून नर्सेससाठी खास अशी योजना चालते.

आणि थकवा? १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की सतरा तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका ढिला पडतो. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. नाइट करून आलेल्या मुलीला "दुसरी आली नाही, तू थांब" म्हणून सकाळची ड्यूटी करायला लावतात तेव्हा तिची टेस्ट कोण करतं? मी स्वतः अशा डबल ड्यूटीत एकदा इन्सुलिनचे युनिट चुकीचे भरले होते, सिरिंज हातात होती, आयाबाईनं "सिस्टर, हा पेशंट नाही, पलीकडचा" म्हणून थांबवलं. मी तेव्हा काहीच घेतलेलं नव्हतं, चहा सोडून.

विमानवाल्यांचं बघा. डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्यानं ३१ जानेवारी २०२२ पासून पायलटच्या ड्रग टेस्ट सुरू केल्या, त्यात गांजा पण आहे, पण तिथे पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली की ड्यूटीवरून बाजूला काढतात आणि कन्फर्म करायला पाठवतात. निदान एवढं तरी नर्सला द्या. मेडिकलच्या आधी कागदावर सांगा की काय काय तपासणार. चालू औषधं आधी विचारून घ्या. पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली तर त्याच सॅम्पलची पक्की टेस्ट होईपर्यंत जागा थांबवा, रिपोर्ट मुलीच्या हातात द्या आणि बाकी कुणाच्या कानावर जाऊ देऊ नका. आणि भांगेचा अंश निघाला तर तिला बोलवून विचारा, चार आठवड्यांनी परत टेस्ट घ्या, हवी तर तिच्या खर्चानं. रोज घेणारी असेल तर तेव्हा दिसेलच.

हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाहीये कारण मला कुणाशी भांडायचं नाही. माझंही नाव छापू नका, कारण भाची अजून याच शहरात नोकरी शोधतेय. सध्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये कमी पगारावर रात्रपाळी करते, आणि जागा का गेली ते तिनं अजून वडिलांना सांगितलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त सिस्टर, इंदूर