मंत्रीमहोदय, काळोख आमच्याकडे आहे, दुर्बीण द्या

मा. मंत्रीमहोदय,
सादर नमस्कार.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर मी २१ वर्षं शिकवते. दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या मुलांनी जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचा आरसा केला होता. पुठ्ठ्याचे १८ षटकोन, वर सोनेरी कागद. आपण मुलांच्या पाठीवर हात ठेवून माइकवर म्हणालात, "या शाळेला आठ इंची दुर्बीण दिली!" काल पत्र आलं. निधीअभावी प्रस्ताव दप्तरी दाखल.

या एका ओळीसाठी मी ११ फेऱ्या मारल्या. पहाटेची एसटी, सीबीएसला उतरायचं, दुखरे गुडघे घेऊन जिना चढायचा. साहेब मीटिंगला. मग तीन नव्हे, चार प्रती हव्यात. मग जावक क्रमांकच सापडत नाही. रजा माझी, तिकीट माझं. एकदा बाकावर डबा उघडला तर शिपाई म्हणाला, "बाई, बाहेर जाऊन खा." ते अजून टोचतं.

वेब २५ डिसेंबर २०२१ला उडाली आणि १५ लाख किलोमीटरवर जाऊन थांबली. इतक्या लांब कशाला, हे आमची सहावीतली पोरगी सांगेल. शिवणाच्या डब्यातल्या इलॅस्टिकवर मी पेनाने लाटा काढल्या, तिने ते ताणलं, लाटा लांबल्या. विश्व प्रसरण पावताना दूरच्या दीर्घिकांचा, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहांचा, प्रकाश असाच ताणला जाऊन अवरक्त होतो, डोळ्यांना न दिसणारा, गरम वस्तूंतून निघतो तसा. दुर्बीण स्वतःच गरम असली तर तो अंधुक प्रकाश तिच्याच उष्णतेत बुडतो. म्हणून पृथ्वीच्या उबेपासून इतकं लांब, आणि सूर्याच्या बाजूला पाच पदरी पडदा.

शाळेच्या ओट्यावर गोधड्या टाकून आम्ही देवयानी दीर्घिका पाहिली. २५ लाख प्रकाशवर्षांवरची, नुसत्या डोळ्यांनी. नाशिकच्या झगमगाटात ती दिसायची नाही. पोरगी म्हणाली, "बाई, खडू पुसल्यावर राहतो तसा डाग आहे. आत काय असंल?" आठ इंची आरशात तिला निदान त्याचा उजळ गाभा दाखवता आला असता.

आपल्या ॲस्ट्रोसॅट या दुर्बिणी वाहणाऱ्या उपग्रहाने, २०१५ साली सोडलेल्या, ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचा अतिनील प्रकाश टिपला. पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेतल्या संशोधकांच्या पुढाकाराने ते २०२०मध्ये जगापुढे आलं. असे संशोधक पुढे कुठून आणणार? पाड्यावरून नाही, हे तुम्ही ठरवूनच टाकलंय का? मला तरी वर्गात कुठे राहू देता? सर्वेक्षणं, याद्या, आहाराच्या नोंदी, फोटो चढवायला रेंज शोधत टेकडीवर. सिंहस्थासाठी घाट व्हावेत, रस्ते व्हावेत, माझं काही म्हणणं नाही. पण त्या सगळ्या खर्चापुढे एक दुर्बीण परवडत नाही, हे मी मुलांना कोणत्या तोंडाने सांगू?

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, मुलांना नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तबकड्या पाहायला नेतेय. गाडीभाडं पालकांनी वर्गणी काढून जमवलंय, मजुरीच्या पैशांतून. त्याआधी दुर्बीण देणार की नाही, ते तुमच्या सहीने लेखी कळवा. ती पोरगी रोज विचारते.

आपली,
एक शिक्षिका, ता. पेठ, जि. नाशिक