शाळेच्या ऑफिसातल्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. ठाण्याच्या नौपाड्यात माझ्या घरच्यांना ओळखणारी माणसं तुम्हालाही ओळखतात, आणि माझ्यापायी तुम्हाला कुणी जाब विचारलेला मला चालणार नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसासाठी जन्माचा दाखला लागतो. माझा होता वडिलांच्या कपाटात, आणि त्या घराशी माझा संबंध उरलेला नाही. नोंद सापडलीच नाही, तर तसं पालिकेचं पत्र आणायचं आणि सोबत आईवडिलांचं किंवा वयानं मोठ्या जवळच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. म्हणजे फिरून त्याच दारात. एका कार्यालयात "वडिलांना घेऊन या" म्हणून अर्ज परत मिळाला. ओळखीपाळखीचे म्हणायचे, एक फोन कर, कितीही झालं तरी आईबाप आहेत.

बाई, तुम्ही हे एकदाही म्हणाला नाहीत. मी शाळेत जनरल रजिस्टरचा, म्हणजे दाखल झालेल्या मुलांच्या नोंदवहीचा, उतारा मागायला आले, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "जन्म कुठला?" म्हटलं, पनवेल. आईचं पहिलं बाळंतपण, माहेरी झालेलं. आजोळच्या गावाची नोंदवही बघून झाली होती, तिथं माझं नाव नव्हतं. तुम्ही लगेच म्हणालात, "गावात कशी असेल? दवाखाना जिथं, नोंद तिथं." पण दवाखाना कुठला, हे आईलाच ठाऊक. मी गप्प झाले. तुम्ही ओळखलंत, आणि पुढचं काही विचारलं नाहीत.

मग शिपाईकाकांना सांगून माळ्यावरचे गठ्ठे उतरवलेत. पहिलीच्या प्रवेशअर्जांचे. ऑफिस सुटायची वेळ होऊन गेली तरी धूळ झटकत एकेक अर्ज बघत होतात. माझ्या अर्जाला दाखल्याची झेरॉक्स टाचलेली निघाली: पनवेल नगरपालिका, नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख. ती शाई पुसट झाली होती, म्हणून तुम्ही क्रमांक स्वतःच्या अक्षरात वेगळ्या कागदावर उतरवून दिलात.

"दाखला घरात असतो गं, नोंद घरात नसते," असंही म्हणालात. खरंच आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा, त्याच्या सतराव्या कलमानुसार कुणीही नोंद शोधायला सांगून दाखला मागू शकतं. मला आजवर हे कुणी सांगितलं नव्हतं. घरापासून तुटलेल्या प्रत्येक मुलामुलीला हे माहीत असायला हवं, म्हणून इथं मुद्दाम लिहिते. पनवेलची २०१६ साली महानगरपालिका झाली, जुनं दप्तर तिच्याकडे आलं. क्रमांक हातात असल्यामुळे तिथं मला कुणी वडिलांबद्दल विचारलं नाही. अर्ज, ओळखपत्र, फी, आणि दाखला मिळाला.

मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखत झाली, व्हिसा आला.

घर सोडल्यापासून मदत करणारे बरेच भेटले. बहुतेकांना आधी कारण हवं असायचं, ते पटलं तर मदत. तुम्ही कारण मागितलं नाहीत. माझे वडील तुम्हाला राम मारुती रोडवर अधूनमधून भेटतात, हे तुम्हीच सांगितलंत, आणि त्यांच्याकडे माझा विषय काढला नाहीत. त्या गठ्ठ्यांइतकीच ही गोष्ट मला मोलाची आहे, बाई.

एक विचारायचं होतं. ऐरोलीला माझ्यासोबत राहणारी एक मुलगी अशीच अडकली आहे. तिची शाळा वेगळी, पण काय मागायचं आणि कसं मागायचं हे तुम्ही तिला नीट सांगाल. तिला तुमचा नंबर देऊ का? तुम्ही हो म्हणेपर्यंत देणार नाही.

तुमची,
दहावी 'ब'मधली विद्यार्थिनी